पुडीत काय आहे, ते सांगा

पोलिसांची पत्रकार परिषद झाली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला. अमुक कोटींचं कोकेन, तमुक कोटींचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन सापडलं, तेव्हा घराघरांत ५०२ कोटी हा आकडा पोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला, धागे दिल्ली आणि सांगलीपर्यंत गेले आणि हजारो कोटींची भाषा सुरू झाली. टेबलावर पिशव्या, मागे उभे अधिकारी, फोटो. त्या पिशव्यांत कोकेन किंवा मेफेड्रोनशिवाय आणखी काय काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मला तेच विचारायचं आहे. पकडला गेला नाही तर हाच माल चिमटीचिमटीने कुणाच्या तरी नाकात जातो, आणि त्या नाकाचं पुढे जे होतं ते कुठल्याच मथळ्यात येत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पंचविशीतला मुलगा येतो. सोबत आई असते आणि आईच बोलते. "डॉक्टर, याचा घोळणा सारखा फुटतो. उन्हाने होत असेल का?" मुलगा खाली बघत राहतो. डॉक्टर नाकपुडी रुंदावून आत बघतात. वाळक्या, काळपट खपल्या, त्यांच्या कडेने ओलं रक्त. खपली हळूच सोडवली की मागे जिथे पडदा दिसायला हवा, तिथे काहीच नसतं. मग एका नाकपुडीत दिव्याचा झोत टाकायचा आणि दुसरीतून बघायचं. उजेड आरपार येतो. भोक लहान असेल तर श्वास घेताना बारीक शीळ वाजते. रात्री सगळं शांत झाल्यावर ती शीळ त्या मुलाला स्वतःला ऐकू येत असते, आणि तो महिनोन्‌महिने कुणाला काही बोलत नाही.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. नाकाच्या पडद्याचा पुढचा भाग हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या पातळ आवरणातून जेवढं झिरपेल तेवढ्यावर ती जगते. आणि कोकेन नेमकं त्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आवळतं. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरून दाखवलं, त्यानंतर नाकाच्या शल्यविशारदांनी ते लगेच उचललं, कारण त्यांचं काम त्याने दुहेरी सोपं झालं: नाक बधिर होतं आणि रक्तही कमी येतं. ते डॉक्टरच्या हातून, मोजून, एकदा. तेच रोज रात्री चार-चार वेळा झालं की आवरणाला रक्त मिळायचं बंद होतं, सुरू होतं, पुन्हा बंद होतं. आधी आवरण मरतं, मग कूर्चा. वर जंतुसंसर्ग बसतो. आणि नाक बधिर असल्यामुळे दुखत नाही. दुखलं असतं तर माणूस वेळेवर थांबला असता, निदान डॉक्टरकडे तरी गेला असता. तो इशाराच त्या पुडीने बंद केलेला असतो.

भोक वाढलं की नाकाचा बांधा मधोमध खचतो. चेहरा बदलतो, जुने फोटो बघवत नाहीत. काहींच्या बाबतीत पाळी टाळूवर येते. टाळूला भोक पडलं की चहाचा घोट नाकातून बाहेर येतो, बोलणं गेंगाणं होतं, चारचौघांत जेवायला बसणं संपतं. दंतवैद्य टाळूवर बसणारी अ‍ॅक्रिलिकची पट्टी करून देतात. ती लावायची, बोलायचं, जेवायचं, काढून धुवायची. शस्त्रक्रियेचं म्हणाल तर व्यसन सुटून बरेच महिने लोटल्याशिवाय शहाणा सर्जन हात लावत नाही, कारण नवीन लावलेलं कातडंही त्याच वाटेने मरतं.

एवढं सगळं निव्वळ कोकेन करू शकतं. भेसळीची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

लेव्हामिसोल हे नाव शहरातल्या पार्टीत कुणी ऐकलेलं नसेल. माण-खटावकडच्या पशुवैद्यकाला मात्र ते चांगलं ठाऊक असतं. मेंढरांना जी जंतनाशकं पाजतात, त्यातलं हे एक. बेल्जियमच्या जान्सेन कंपनीत १९६० च्या दशकात ते तयार झालं. मेंढीचं तोंड धरून, गालाच्या कडेने नळी सरकवून, वजनाच्या हिशेबाने औषध सोडायचं: किलोमागे साडेसात मिलिग्रॅम. जास्त गेलं तर जनावराच्या तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं. म्हणून पाजणारा माणूस प्रत्येक मेंढीच्या वजनाचा अंदाज घेतो, कोकरं वेगळी काढतो, गाभण मेंढ्यांबद्दल विचारतो. मेंढीलाही मोजून मापून देतात ते औषध तरुण मुलं न मोजता, नाव माहीत नसताना, पैसे देऊन नाकात ओढतात.

माणसांसाठी हे औषध वाईटच, असं मी म्हणत नाही. जंतांसाठी एका डोसापुरतं ते माणसांना दिलं जायचं. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये आपल्याकडचे डॉक्टर आजही देतात, ठरलेल्या अंतराने रक्त तपासत. अमेरिकेत १९९० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुसऱ्या औषधाच्या जोडीने त्याला मान्यता मिळाली होती आणि २००० मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं. काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने कोसळतात. पेशी नाहीत म्हणजे साध्या घसादुखीशी लढायलाही शरीरात कुणी उरत नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली हे वेळेत कळतं आणि औषध थांबवता येतं. पुडी घेणाऱ्याला तो काय घेतोय हेच माहीत नसतं, मग थांबवणार काय?

मेंढ्यांचं औषध कोकेनमध्ये घालतात कशाला? पावडर पांढरी, स्वस्त, आणि गल्लीतल्या जुजबी चाचण्यांत वेगळी ओळखू येत नाही. आणखीही एक कारण सांगितलं जातं. शरीरात गेल्यावर लेव्हामिसोलचा थोडा भाग अमिनोरेक्स नावाच्या उत्तेजक पदार्थात बदलतो. शर्यतीच्या घोड्यांच्या तपासणीत हे दिसून आलं आहे. हेच अमिनोरेक्स १९६० च्या दशकात युरोपात भूक मारायच्या गोळ्यांमधून विकलं जात होतं आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब जीवघेणा वाढतो असं लक्षात आल्यावर मागे घ्यावं लागलं. म्हणजे पुडीतला माल वाढवायला घातलेली पावडरही नशेला हातभार लावते आणि शरीराला वेगळी इजा करते.

आणि ही भेसळ पेडलर करत नाही, निदान फक्त तो करत नाही. बंदरात पकडलेल्या कोकेनच्या अखंड विटांमध्येही लेव्हामिसोल सापडतं. दक्षिण अमेरिकेत माल बांधला जातो तिथेच ते मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेला ते २००३ पासून दिसायला लागलं होतं. जुलै २००९ पर्यंत देशात शिरणाऱ्या पकडलेल्या कोकेनपैकी ६९ टक्के मालात ते होतं.

तिथे हे उघड कसं झालं, तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००८ च्या एप्रिलमध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेने आरोग्य खात्याला कळवलं की पांढऱ्या पेशी कोसळलेले रुग्ण एकापाठोपाठ एक येतायत आणि कारण सापडत नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतातही त्याच वर्षी असेच रुग्ण दिसले. चौकशी झाली. यातले बरेच जण कोकेन घेणारे निघाले. २००९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिकात हे छापलं आणि देशभरच्या डॉक्टरांना कळलं की ताप, घसादुखी आणि शून्याला टेकलेल्या पेशी घेऊन कुणी आला तर कोणता प्रश्न विचारायचा. एका प्रयोगशाळेने वेळेवर तोंड उघडलं म्हणून हे झालं.

त्यानंतर नव्या तक्रारी ओळखू येऊ लागल्या. कानाच्या पाळ्या जांभळ्या-काळ्या पडलेली माणसं यायला लागली. गालांवर, मांड्यांवर जाळीदार काळे चट्टे. रोगप्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांना सुजवते, त्यात रक्त गोठतं आणि वरची कातडी मरते. नाकात हेच घडलं तर कोकेनने आधीच उपाशी ठेवलेल्या पडद्याची उरलीसुरली आशा संपते.

आता असा रुग्ण महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात आला असं समजा. नाकात काळ्या खपल्या, टाळू सडलेली. २०२१ चा उन्हाळा पाहिलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येईल म्युकरमायकोसिसचं. ते नसेल तर क्षय, कुष्ठरोग, उपदंश, नाकातला लिम्फोमा. मग रक्तात आन्का नावाची प्रतिपिंडं तपासतील आणि ती सापडतील. कोकेनने नाक सडलेल्या माणसातही ती पुष्कळदा सापडतात. कागदावर चित्र हुबेहूब ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं दिसतं. त्या आजाराचा उपचार म्हणजे भरपूर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी जबर औषधं. डॉक्टर चुकत नाहीत. समोर जे आहे त्याप्रमाणेच ते वागतात. पण मुलगा घरी जाऊन पुन्हा तीच पुडी ओढत असेल, तर एकीकडे लेव्हामिसोल पेशी पाडतंय आणि दुसरीकडे औषध प्रतिकारशक्ती दाबतंय. एखादा साधा ताप त्याचा जीव घेऊ शकतो. हा सगळा घोळ एका प्रश्नाने टळतो आणि तो प्रश्न आईसमोर विचारला तर उत्तर "नाही" असंच येणार. आईला पाच मिनिटं बाहेर बसवा. हे मी डॉक्टरांना हात जोडून सांगतोय. आणि त्या मुलाला आधी हे सांगा की तुझं उत्तर या खोलीबाहेर जाणार नाही.

पार्ट्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: नाक खराब होतं ते भेसळीच्या मालाने, आपला माणूस शुद्ध देतो. या समजाने किती नाकं घालवली असतील! पहिली गोष्ट, लेव्हामिसोल कोकेनमध्ये शिरायच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी कोकेन हुंगणाऱ्यांच्या पडद्याला पडलेली भोकं नोंदवली होती. दुसरी गोष्ट, विटेतच भेसळ असेल तर "आपला माणूस" शुद्ध आणणार कुठून? लेव्हामिसोलशिवाय फेनासेटिन असतं. ही जुनी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडं खराब करते आणि कर्करोगाचा धोका वाढवते म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत आणि भारतातही बंद झाली. लिडोकेन असतं, म्हणजे नाक आणखी बधिर. कॅफीन असतं. आणि कधी कधी त्याहून भयंकर काही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सजवळच्या वस्त्यांमध्ये कारफेंटानिल मिसळलेल्या कोकेनने किमान २४ माणसं मेली. हत्तींना बेशुद्ध करायला वापरतात ते औषध.

कोकेन परवडत नाही म्हणून मुंबई-पुण्यात, नाशकात आणि आता तालुक्यांपर्यंत जे पोचलंय ते एमडी. मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तोवर "म्याऊ म्याऊ" राजरोस विकलं जात होतं. हा माल समुद्रापलीकडून येत नाही, आपल्याच औद्योगिक वसाहतींमधल्या बंद पडलेल्या शेडमध्ये शिजतो. तिथे माल शुद्ध आहे की नाही हे तपासणारं कुणी नसतं. अर्धवट धुतलेल्या पावडरीत प्रक्रियेतली रसायनं राहून जातात आणि त्यातली काही डोळ्यांना-नाकाला जाळणारी असतात. एमडी ओढणारी मुलं नाकाची आग, घोळणा फुटणं, खपल्या, यांच्या तक्रारी करतात. इथे नाक कशाने जळतंय, पदार्थाने की त्यात राहिलेल्या घाणीने, हे सांगायला त्या पावडरीचं पूर्ण पृथक्करण लागतं. ते करून लोकांपुढे ठेवायचं काम कुणावर सोपवलेलंच नाही.

का नाही, याचं एक कारण कायद्यात आहे. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात निकाल दिला: जप्त मालाचं वजन धरताना भेसळीसकट सगळं वजन धरायचं. कोकेनची व्यापारी मात्रा १०० ग्रॅमच्या वरची. १२० ग्रॅमच्या पिशवीत कोकेन २० ग्रॅमच असलं आणि बाकी भेसळ असली, तरी १२० ग्रॅमच मोजायचे आणि किमान दहा वर्षांची शिक्षा. त्याआधी २००८ च्या निकालामुळे शुद्ध पदार्थाचं प्रमाण बघावं लागायचं आणि विक्रेते भेसळीच्या आडून कमी शिक्षेत सुटायचे. नवा निकाल विकणाऱ्यासाठी योग्यच आहे. पण त्यातून असं झालं की प्रयोगशाळेने "कोकेन आढळले" एवढं लिहिलं की खटल्याचं काम भागतं. बाकीचे शंभर ग्रॅम शिक्षेसाठी मोजले जातात. ते आहेत तरी काय, हा प्रश्न न्यायालयाला पडत नाही. न्यायालयाला पडला नाही म्हणून आरोग्य खात्यालाही पडू नये?

नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारी पैशातून अशी व्यवस्था चालते की माणूस आपली गोळी किंवा पावडर नेऊन देतो, नाव न सांगता, आणि काही दिवसांनी त्याला कळतं की आत काय आहे. तिथे कोकेनमधलं लेव्हामिसोल एकेकाळी किती होतं आणि अलीकडे किती घटलं, हे सांगता येतं, कारण तिथे वर्षानुवर्षं मोजतात. २०१४ च्या डिसेंबरात त्यांना सुपरमॅनचा शिक्का असलेल्या गुलाबी गोळीत पीएमएमए हे विषारी रसायन सापडलं. त्यांनी तातडीने देशभर इशारा दिला. तीच गोळी इंग्लंडमध्ये पोचली. तिथल्या तरुणांपर्यंत इशारा पोचला नाही. नवीन वर्षाच्या सुरुवातीला तिथे चार माणसं मेली.

त्याच २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये काय झालं बघा. कोकेन म्हणून पांढरं हेरॉइन विकलं जात होतं आणि ब्रिटिश पर्यटक मेले. महापालिकेने रस्त्यांवर मोठे विजेचे फलक उभे केले: पर्यटकांना अत्यंत धोकादायक कोकेन विकलं जातंय. आणि सोबत हेही कळवलं की मदत मागितलीत तर अमली पदार्थ घेतले म्हणून तुम्हाला अटक होणार नाही. दुकानांच्या, ट्रामच्या, हॉटेलांच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा फलक. त्या शहराने आपल्या अब्रूची काळजी बाजूला ठेवली आणि आधी माणूस वाचवला.

कळंगुट-बागाच्या रस्त्यावर असा फलक लावायची गोवा सरकारची तयारी आहे का? वांद्र्याला, कोरेगाव पार्कला? मला माहीत आहे काय उत्तर येईल. असं सांगितलं तर मुलांना वाटेल सरकारची हरकत नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. विषारी दारूने माणसं मेली की आपण दवंडी पिटतो, गावोगाव गाड्या फिरवतो, पिऊ नका, प्यायला असाल तर दवाखान्यात या म्हणून सांगतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की सरकार दारूला प्रोत्साहन देतंय. मग पुडी ओढणाऱ्याच्या बाबतीत गप्प का बसायचं? त्याने गुन्हा केला म्हणून? एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली कोकेन घेतल्याबद्दल जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाक सडावं, टाळू फुटावी, पेशी कोसळून मरावं, ही शिक्षा कुठल्याही कलमात लिहिलेली नाही. आणि त्याच कायद्यात ६४-अ कलम आहे: थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. हे कलम किती घरांत माहीत आहे?

१९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, महाराष्ट्रात पसरला तेव्हा लेखक अनिल अवचट त्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्या तोंडून ऐकलं आणि लिहिलं. त्या लिखाणातून पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्यांच्या पत्नी अनिता अवचटांनी ते चालवलं. आधी त्या मुलांचं ऐकून घेतलं गेलं, म्हणून पुढचं सगळं झालं. आज चाळीस वर्षांनी आपल्याकडे प्रयोगशाळा आहेत, यंत्रं आहेत, पण ऐकणं आणि सांगणं दोन्ही मागे पडलंय.

करायचं ते फार मोठं नाही. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत आणि तिच्या नागपूर, पुणे, नाशिक अशा विभागीय शाखांत जप्त पावडरीचे नमुने येतातच. त्यातल्या काही नमुन्यांमध्ये भेसळ कशाची आहे तेवढं तपासायचं आणि दर तीन महिन्यांनी, आरोपीचं नाव नाही, खटल्याचा क्रमांक नाही, फक्त सापडलेल्या पदार्थांची नावं आरोग्य खात्याला कळवायची. आरोग्य खात्याने ती राज्यातल्या कान-नाक-घसा, त्वचारोग आणि रक्तविकाराच्या डॉक्टरांना पाठवायची. जीव घेणारं काही सापडलं तर त्याच दिवशी सगळ्यांना. पोलिसांनी पत्रकार परिषदेत कोटींचा आकडा सांगावा, त्यासोबत हेही सांगावं. आणि तो छापताना आम्ही पत्रकारांनी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक बातमीखाली छापावा. जागा दोन ओळींची लागते.

हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांना एकच आठवण करून देतो. नाकाच्या पडद्याला भोक पडतं हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. क्रोमियमच्या हौदांवर काम करणाऱ्या मुलामा कामगारांचे पडदे असेच खाल्ले जातात, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने क्रोमच्या व्रणांना नोंदवायच्या आजारांच्या यादीत घातलं होतं. ज्या डॉक्टरला असा कामगार दिसेल त्याने कळवायलाच हवं, असा नियम केला होता. त्यासाठी कामगाराला गुन्हेगार ठरवावं लागलं नाही.

आणि घाई का, तेही सांगतो. लेव्हामिसोल शरीरातून भराभर निघून जातं. लघवीत ते फार तर दोन दिवस सापडतं. आईसोबत आलेल्या त्या मुलाला डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, त्याच दिवशी नमुना घेतला आणि तो तपासणारी प्रयोगशाळा कुठे आहे हे डॉक्टरांना ठाऊक असलं, तर निदान लागतं. पुढच्या सोमवारी या म्हटलं, तर सोमवारी त्या नमुन्यात काहीही सापडणार नाही.